चित्त्याशी बोलणारी बाई

कामावरची माणसं गप्प असली की काम नीट चाललंय, अशी माझी त्या वयात पक्की समजूत होती. ती कुठून आली असेल, तर कचेरीतून. आमचं घर तुळजापुरातलं, पूजाअर्चेचं आणि शिकवण्यांचं. तिथं सकाळी डोळा उघडल्यापासून सगळेच बोलत. पण मी उर्दू शिकलो, धाराशिवला निजामाच्या कचेरीत चार वर्षं नकला उतरवल्या, आणि मोठा साहेब दारातून आत आला की चाळीस माणसं कशी चिडीचूप होतात ते पाहिलं. तेच मला मोठेपणाचं लक्षण वाटायला लागलं.

सव्विसाव्या वर्षी एका जहागीरदारांच्या शिकारखान्यावर दारोगा म्हणून माझी नेमणूक झाली. मी सोलापूरहून एक शिट्टी मागवली आणि पहिल्याच दिवशी गळ्यात अडकवली. जनावरांचा मला अनुभव म्हणाल तर शून्य. घरच्या गाईनंही मला कधी धार काढू दिली नव्हती. पण वरच्या कागदांना उर्दूत उत्तरं लिहिणारा माणूस हवा होता, आणि तो मी होतो.

गाव अणदूरपासून दोन-अडीच कोसांवर. चहूकडं माळ, माळावर काळविटांचे कळप. शिकारखाना म्हणजे दगडी भिंतीचं एक मोठं आवार. त्यात काळविटांचा वाडगा, दोन अस्वलं, ससाण्यांची खोली, आणि मधोमध कडुलिंबाखाली चित्त्याला बांधायची बाज, तेव्हा रिकामी. माझ्या हाताखाली नऊ माणसं. सकाळी मी त्यांना रांगेत उभं करायचो, नखं बघायचो, पाण्याच्या कुंड्यांत बोट घालून तळाशी शेवाळ लागतंय का ते पाहायचो, मटण स्वतः हुंगायचो. हे सगळं बरोबरच होतं. पण एकदा अस्वलवाल्यानं शिट्टी ऐकूनही विडी टाकली नाही, म्हणून मी त्याला दुपारभर उन्हात उभा केला. आज आठवलं की मान खाली जाते. त्या दिवशी मात्र छाती फुगली होती.

चित्ता माझ्यानंतर दोन महिन्यांनी आला. आला म्हणजे आली, मादी होती. आपल्याकडचे चित्ते तोवर जवळजवळ संपलेच होते, म्हणून ही आफ्रिकेतून बोटीनं मुंबईला, तिथून रेल्वेनं सोलापूरला आणि पुढं बैलगाडीतून आमच्या आवारात. पिंजऱ्यातून उतरवली तेव्हा हाडं मोजून घ्यावीत अशी झाली होती. जहागीरदार, ज्यांना आम्ही सरकार म्हणायचो, ते बघायला आले. आधीचा चित्ता एका पाहुण्याच्या अंगावर गेला होता आणि त्याच दिवशी त्याला गोळी घातली होती, हे मला तेव्हा कळलं. सरकार म्हणाले, "दिवाळीनंतर हैदराबादचे पाहुणे येतील. तोवर ही माणसाळली पाहिजे. नाही माणसाळली, तर हिलाही ठेवायचं नाही."

तिला माणसाळवायचं काम चित्तेवानाकडं. साठीचा माणूस, बारीक, दाढी मेंदीनं लाल. त्याच्या आजापासून घरात हाच धंदा. सगळे त्याला चाचा म्हणत आणि मीही म्हणू लागलो. त्यांची रीत ऐकून मला हसू आलं होतं. चित्त्याला मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. गळ्याला आणि कमरेला पट्टे घालून बाजेला बांधायचं, डोळ्यांवर कातडी टोपी चढवायची, आणि दिवसभर त्याच्या कानात माणसाचा आवाज पडू द्यायचा. महिनोन् महिने. त्यासाठी बायका बसवायच्या. पुरुषाच्या बोलण्याला दम नसतो, असं चाचांचं म्हणणं.

मला हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. चित्ती आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी आवारात शिरलो तर कडुलिंबाखाली एक बाई सुपात जोंधळे घेऊन निवडत बसलेली, आणि तोंडाचा पट्टा चालू. मी शिट्टी फुंकली. चित्ती अशी उसळली की बाज तिच्यासकट कलंडली. चाचा हात जोडत धावत आले.

"साब, शिट्टी नक्को! ये औरतका कामइच बाताँ करनेका है."

मला वाटलं, म्हातारा माझी टिंगल करतोय.

बाई पन्नाशीच्या आसपासची. विधवा. नवऱ्याचं किराणा दुकान होतं, ते त्याच्यामागं बंद पडलं. घरची भाषा कानडी, पण मराठीही तितकीच सरसर. जहागिरीच्या मुदपाकखान्याचं धान्य ती निवडायची. चाचांनी तिला हेरून सूप घेऊन इथं आणून बसवलं होतं. मी तिला मावशी म्हणायचो. चित्तीपासून तीन हातांवर तिची जागा. ऊन वर आल्यापासून दुपारपर्यंत ती बोलायची, मराठीत सुरू करून कानडीत शिरायची आणि परत मराठीत यायची.

"आज जोंधळ्यात खडं लई हायती बग. तुला काय त्याचं, तुला मटण लागतंय. तुजी माय कुठं हाय गं? लई लांब व्हय? आमची बी लांबच. अन् ह्यो दारोगा बगितलास का? लेकराच्या वयाचा हाय, पर मिशीला पीळ किती!"

हे मी भिंतीच्या आडून ऐकलं. मिशीवरून हात खाली घेतला, आणि आत जायचं सोडून कचेरीकडं वळलो.

खोटं कशाला सांगू, हळूहळू मला ते बोलणं ऐकायची सवय लागली. माझ्या खोलीची मागची खिडकी आवाराकडं होती. कागद लिहिता लिहिता कान तिकडं. आधी चित्ती नुसती गुरगुरायची. मग कान त्या आवाजाकडं वळू लागले. आषाढात टोपी काढली तरी ती शांत राहू लागली. श्रावणात एका सकाळी पाहिलं तर हनुवटी बाजेच्या काठावर टेकून ती मावशीकडं बघत होती आणि मांजरासारखी घुरघुरत होती. मावशीनं बोलता बोलता सूप खाली ठेवलं, दोन पावलं सरकली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र दारोगा. मी खाकरलो आणि कुंडीत पाणी कमी आहे म्हणून कुणावर तरी ओरडलो.

त्याच सुमारास देशाला स्वातंत्र्य मिळालं, पण आमच्याकडं निजामाचंच राज्य. गावातली तरुण पोरं एकेक करून नाहीशी होऊ लागली. ती हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला जात. तिथं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावण्या होत्या. इकडं गावोगाव निजामाच्या बाजूचे खाकीतले बंदूकवाले हिंडू लागले. कुणाचं पोर घरात नाही असं कळलं की त्या घराचं काही खरं नसे.

मावशीचा एकुलता एक मुलगा भाद्रपदात तिकडं गेला. विचारणाऱ्याला ती सांगायची, अक्कलकोटला मावसबहिणीकडं दुकानात लागलाय. गावानं विश्वास ठेवला. खरं ती फक्त चित्तीला सांगायची.

"पोरगं परवा येऊन गेलं गं. ओढ्याच्या मठात भाकरी दिली. वाळून पार खारीक झालाय. पुढल्या सोमवारी येतो म्हणलाय."

मी खिडकीत होतो. मला ऐकू आलं ते भिंतीपलीकडच्या कुणालाही ऐकू आलं असतं. आणि पुढचा विचार, तोही लिहितो: माझ्या हाताखालची बाई, माझ्या आवारात, हे बोलते, उद्या पहिला प्रश्न मला विचारला जाईल.

दोन दिवसांनी सरकारांचे कारभारी सहज आल्यासारखे आले. काळविटं पाहिली, सुपारी कातरली. जाताना म्हणाले, "ती म्हातारी जनावराशी काय एवढं बोलत असते हो?"

"जोंधळ्याचं, पावसाचं," मी म्हणालो.

"अस्सं," ते म्हणाले, आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

त्या दुपारी चाचा मटण आणायला गेल्यावर मी मावशीला खोलीत बोलावलं. मी ऐकलंय ते तिला सांगितलं. मुलाचं बोलणार नाही, असं ती लगेच म्हणाली. तिथंच थांबलो असतो तर ठीक होतं. पण माझा तिच्यावर भरवसा नव्हता. बोलायला लागली की बाईला कुठं थांबायचं कळत नाही, असं मला वाटत होतं. माझ्या पेटीत अणदूरच्या खंडोबाचा भंडारा होता. बाहेरच्या बेलाचं पान तोडून आणलं, त्यावर भंडारा ठेवला आणि पान तिच्यापुढं धरलं.

आमच्या भागात बेलभंडार उचलून घेतलेली शपथ म्हणजे शेवटचं. मोडली तर देव घरातलं माणूस नेतो, असं मानतात. आणि ती सुटते एकाच वाटेनं: ज्याच्यासमोर घेतली त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं 'शपथ सुटली' म्हणायचं.

"चित्त्यापाशी तोंडातून शब्द काढणार नाही, असं म्हणा."

"एकबी न्हाय?"

"एकही नाही."

तिनं पान उचललं. एकुलत्या मुलाच्या आईला मी ही शपथ घातली होती, तेव्हा तिनं मुलाच्याच जिवावर ती घेतली हे उघड आहे.

दुसऱ्या दिवसापासून कडुलिंबाखाली फक्त सुपाचा आवाज. चाचांनी मला विचारलं, मग विनवलं, मग हात जोडले. "साब, आवाज बंद हुआ तो उसको जंगल याद आता." मी म्हणालो, हुकूम आहे. का, ते सांगितलं नाही. चाचांवर माझा विश्वास नव्हता असं नाही. पण एकाला सांगितलं की दोघांना कळतं, एवढं कचेरीनं शिकवलं होतं.

मी दुसऱ्या दोन बायका आणल्या. त्या भीतीनं वीस हातांवर बसल्या, एकमेकींच्या कानात कुजबुजल्या आणि तिसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. शेवटी मी स्वतः बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून हैदराबादचं उर्दू वर्तमानपत्र मोठ्यानं वाचू लागलो. चित्तीनं पाठ फिरवली. नऊही माणसं वाडग्याच्या आडून बघत होती, आणि अस्वलवाला तोंडात धोतराचा सोगा कोंबून हसत होता. त्याचा तो हक्कच होता.

मावशी रोज येत राहिली. चाचांनीच तिला गळ घातली, नुसती बसा म्हणून. चित्ती दोर ताणून तिच्या दिशेनं उभी राहायची आणि वाट बघायची. मावशी मान खाली घालून जोंधळे निवडायची. एकदा पाहिलं तर सुपातले जोंधळे ओले झाले होते. पुढं चित्तीनं वाट बघणंही सोडलं. मग पान हललं तरी दचकू लागली. चाचांच्या हातचं खायची, पण खाताना कान मागं पडलेले.

चाचा म्हणाले, दोन महिने पुढं ढकला, सरकारांना तेवढं कळवा. कळवलं असतं तर 'का' म्हणून विचारलं असतं. मी वर लिहिलं, जनावर तयार आहे.

पाहुणे दिवाळीनंतर आले. शिकार दुसऱ्या दिवशी. पण आदल्या सकाळी बाजार होता, आणि माणसाळलेला चित्ता बाजारातून फिरवून दाखवायचा हा मोठ्या घराण्यांचा जुना थाट. चाचा दोन्ही दोर धरून पुढं, चित्तीच्या डोळ्यांवर टोपी. मी सरकारांच्या मागं. माझ्या शेजारी कारभारी. पारावर चार-पाच बंदूकवाले पाय सोडून बसलेले. भांडीवाल्यांच्या ओळीपाशी आलो तेव्हा पाहुणे म्हणाले, हिचे डोळे तरी बघू द्या. सरकारांनी हात केला. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं.

टोपी निघाली. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग समोरच्या दुकानात एक हंडा खाली पडला आणि ती पोटावर बसली. कान चपटे, पाठीवरचे केस उभे, सगळं अंग थरथरत. लोक मागं सरले, आणि मागचे बघायला पुढं आले. चाचांनी दोर हाताला गुंडाळला. गर्दीत त्यांना भाजीच्या रांगेत उभी असलेली मावशी दिसली.

"माई! बोल उसको! कुछ तो बी बोल, माई!"

मावशी गर्दी सारत पुढं आली. तीन हातांवर थांबली, तिच्या रोजच्या अंतरावर. चित्तीनं तिला ओळखलं. मला दिसलं ते. कान किंचित वर झाले. मावशीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

ती काय मागतेय हे त्या सबंध बाजारात मला एकट्याला कळत होतं. दोन शब्द. पण ते मोठ्यानं म्हणायचे होते. म्हटले असते तर कारभाऱ्यांनी विचारलं असतं, कसली शपथ? कशासाठी? आणि समजा मी ती सोडवली, आणि घाबरलेल्या बाईच्या तोंडून रोजचंच आलं, मुलाचं, मठाचं, सोमवारचं, तर? पारावरचे बंदूकवाले उठून उभे राहिले होते. मी माझ्या बुटांकडं पाहू लागलो.

मागून कुणीतरी ढकललं, पाहुण्यांचा हुजऱ्या दोन पावलं पुढं आला, आणि चित्ती झेपावली. त्याच्या दंडावर पंजाचे चार ओरखडे, बाकी काही नाही. चाचांनी तिला लगेच मागं ओढलं. दोरानं त्यांच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली. हुजऱ्या आठवड्यात बरा झाला. सरकार ओरडलेसुद्धा नाहीत. माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाले, "संपवा."

आवारामागच्या माळावर नेलं. चाचांनीच तिला टोपी घातली. रक्ताळलेल्या हातांनी गळ्याखाली खाजवत राहिले, ती थोडी निवळली, मग ते बाजूला झाले. गोळी सरकारांच्या शिकाऱ्यानं घातली. खड्डा माझ्या देखरेखीखाली खणला गेला. नऊही माणसं न सांगता रांगेत उभी होती आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. अशी शांतता मला त्या आवारात पूर्वी कधी मिळाली नव्हती. तिथून पळून जावंसं वाटलं.

चाचा दुसऱ्या दिवशी हातांना फडकी गुंडाळून निघून गेले. जाताना मला सलाम केला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी निजामी गेली, मग जहागीरही गेली. मी शाळेत लागलो. शिट्टी तिथंही उपयोगी पडली असती, पण मी ती नेली नाही. आमच्या शाळेतला सगळ्यांत गोंगाटाचा वर्ग माझा, अशी हेडमास्तरांची तक्रार असायची.

दहा-बारा वर्षांनी खंडोबाच्या दर्शनाला अणदूरला गेलो होतो. देवळाच्या वाटेवर एका किराणा दुकानात नारळ घ्यायला थांबलो. आतल्या बाजूला एक म्हातारी धान्य निवडत होती. तिनंच मला आधी ओळखलं.

"दारोगासायेब न्हवं का?"

गल्ल्यावर बसलेला तिशी ओलांडलेला माणूस तिचा मुलगा. सुखरूप परत आला होता, इथं येऊन दुकान थाटलं होतं. तो चहा सांगायला बाहेर गेला. मी तिच्यासमोर पोत्यावर बसलो. देवळात जाऊन काय म्हणायचं ते घरून ठरवून निघालो होतो. ते सगळं इथंच तोंडाशी आलं.

"मावशी, शपथ सुटली," मी म्हणालो.

"आता व्हय? कवाच सुटली ती. जनावरच न्हाय ऱ्हायलं, मग कशाची शपथ?"

मी तिला सगळं सांगितलं. कारभारी काय म्हणाले होते ते. त्या दिवशी बाजारात मला कशाची भीती वाटली ते. तुमच्या तोंडून मुलाचं नाव निघेल असं वाटलं, म्हणून मी बोललो नाही, असंही सांगितलं. त्यातलं निम्मं भय माझ्या स्वतःच्या जिवाचं होतं, तेही सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं. रागावली नाही. मला काहीच कसं कळत नाही याचं तिला नवल वाटत असावं.

"एवढ्या बंदुकवाल्यांच्या म्होरं म्या माज्या लेकाचं नाव घेतलं असतं? आय हाय म्या त्याची, सायेब." मग सूप परत उचलत ती म्हणाली, "नुसतं 'कुंद्रव्वा' म्हणले असते. बस गं माय, एवढंच. बसली असती ती."

बसली असती. ते मला त्या दिवशीही माहीत होतं.